पैसा होता, सही नव्हती

सप्टेंबर २०२४ मधल्या एका रविवारी सकाळी तिघं भावंडं माझ्याकडे आली. जिन्यातच त्यांचं वाजलेलं होतं, हे चेहऱ्यांवरून कळत होतं. थोरल्याच्या हातात आकाशी रंगाची प्लास्टिकची फाइल होती, ताईच्या हातात दोनशे पानी वही. धाकटा आदल्या रात्रीच्या बसनं बंगळूरहून आलेला, त्याच्या हातात नुसता फोन. बसायच्या आधीच थोरला म्हणाला, "काका, महिन्याला प्रत्येकी नऊ हजार जातायत. किती वर्षं द्यायचे, तेवढं सांगा."

किती वर्षं, ते कोण सांगणार? पण फाइल उघडल्यावर तासाभरात एवढं दिसलं, की नऊ हजारांचा हा वाद मुळात व्हायचं कारणच नव्हतं.

मी बँकेतून निवृत्त झालोय. आता ओळखीतल्या लोकांचे कागद लावून देतो, फी घेत नाही, चहा घेतो. या तिघांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि आमच्या शाखेचे जुने खातेदार. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो. घरच्यांच्या संमतीनं हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, हिशोबाचा मेळ मात्र तसाच ठेवलाय.

वहिनींना २०२२ मध्ये अल्झायमरचं निदान झालं. त्याआधी दोनेक वर्षं भाजीत दोनदा मीठ, दूधवाल्याला दोनदा पैसे असं चाललं होतं आणि घरात त्याला 'वय झालं' म्हणत होते. जून २०२४ मध्ये त्या बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. नवरा केंद्र सरकारी नोकरीतला असल्यामुळे त्यांच्याकडे सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, कार्ड होतं. मान्यताप्राप्त रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि घरच्यांच्या खिशातून गेले ते किरकोळ खर्चाचे पैसे. त्या दिवशी सगळे म्हणाले, सरकारी कार्ड म्हणजे सोनं.

मग त्या घरी आल्या. उठवायला, बसवायला, अंघोळीला, रात्री दोनदा कूस बदलायला माणूस हवा होता. या माणसाचा पगार सीजीएचएस देत नाही. कुठलीही नेहमीची आरोग्य विमा पॉलिसीही देत नाही, कारण आपल्याकडचा विमा रुग्णालयात भरती होण्याभोवती बांधलेला आहे. शस्त्रक्रिया जवळपास फुकटात झाली, अंघोळ महाग पडली.

ताईच्या वहीतला जुलै ते सप्टेंबरचा सरासरी महिना असा होता. चोवीस तासांची बाई, ब्युरोमार्फत, दिवसाला ९०० म्हणजे २७,०००. डायपर, अंथरुणावरची शीटं, मलम असं मिळून ४,५००. कार्डावर न मिळणारी औषधं १,८००. फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा, ३,२००. सोसायटीचा मेंटेनन्स २,५००. घरखर्च, गॅस, वीज, बाईचं जेवण धरून ९,०००. एकूण ४८,०००. वही इतकी नेटकी होती की मला आमच्या कॅशियरची आठवण झाली. रिक्षाचे चाळीस रुपयेसुद्धा तारखेसकट.

आणि जमेच्या बाजूला एकच ओळ: पेन्शन. वहिनींचं मूळ कुटुंब निवृत्तिवेतन १३,४७० आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ५३ टक्के दरानं महागाई भत्ता ७,१३९, मिळून २०,६०९. उरलेले २७,३९१ तिघांत वाटले की झाले नऊ हजार एकशे तीस.

थोरल्याचं म्हणणं, मी रोज संध्याकाळी जातो, रात्री-अपरात्री मीच धावतो, वर नऊ हजार का? धाकट्याचं म्हणणं, मी लांब आहे म्हणून जास्त देईन, पण मग फ्लॅटचं काय ठरलंय ते आधी बोला. ताई काही म्हणत नव्हती. ती दर वेळी नाशिकहून येत होती. तिच्याकडे पुन्हा येतो.

फाइलमध्ये मला सापडलं ते असं. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं एक पासबुक, १५ लाखांचं, फेब्रुवारी २०१९ मध्ये उघडलेलं. तेव्हा व्याज ८.७ टक्के होतं, दर तिमाहीला ३२,६२५ रुपये यायचे. पाच वर्षांची मुदत फेब्रुवारी २०२४ मध्ये संपली होती. पुढे ना पैसे काढले, ना मुदत वाढवली. अशा खात्यावर मुदतीनंतर पोस्टाच्या साध्या बचत खात्याचं व्याज लागतं, ते ४ टक्के. मुदतवाढ केली असती तर ८.२ टक्के मिळाले असते. पंधरा लाखांवर वर्षाला ६३,००० चा फरक. दुसरीकडे बँकेत पाच मुदत ठेवी, मिळून १४ लाख, सगळ्या व्याज मुद्दलात जमा होणाऱ्या आणि आपोआप नूतनीकरण होणाऱ्या. त्यातल्या तीन अजून गेलेल्या नवऱ्याच्या आणि वहिनींच्या संयुक्त नावावर. नवरा २०१६ मध्ये गेला होता.

म्हणजे आईचे २९ लाख पडून होते, आणि मुलं खिशातून भरून भांडत होती.

"पण ते काढणार कसे?" थोरला म्हणाला. "आईला सही येत नाही. पोस्टात गेलो होतो. सही जुळत नाही म्हणाले, परत पाठवलं."

तरी माझ्याकडे मुखत्यारपत्र आहे की, असं म्हणून त्यानं फाइलच्या तळातून एक नोटरी केलेला कागद काढला. २०२३ मधला. कुणीतरी सांगितलं म्हणून केलेला. हा गैरसमज मी बँकेत असताना शेकडो वेळा पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या करार कायद्यात, म्हणजे १८७२ च्या कायद्यात, कलम २०१ प्रमाणे मुखत्यारी देणारा माणूस मरण पावला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की मुखत्यारी संपते. काही देशांत अशी मुखत्यारी असते जी माणसाची समज गेल्यावरही टिकते, किंबहुना त्यासाठीच करतात. आपल्याकडे ती सोय नाही. ज्या दिवसासाठी लोक हा कागद करून ठेवतात, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. वर, हा कागद निदानाच्या एक वर्ष नंतरचा. सही केली तेव्हा वहिनींना काय कळत होतं, हा प्रश्न कुणीही विचारू शकला असता. धाकट्यानं तो तिथल्या तिथे विचारलाच.

मग पेन्शन कशी काढता? एटीएमनं. पिन थोरल्याला माहीत. घराघरात हे असंच चालतं आणि बँकेच्या नियमात ते बसत नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या. मी एवढंच म्हटलं की काढलेला प्रत्येक रुपया ताईच्या वहीत आला पाहिजे. थोरल्याला ते लागलं. लागायचंच.

आता कायद्याची दुसरी बाजू, जी लोकांना माहीत नसते. त्याच करार कायद्याचं कलम १२ म्हणतं की एरवी मन ठिकाणावर नसलेला, पण अधूनमधून ठिकाणावर येणारा माणूस, ठिकाणावर असताना करार करू शकतो. निदानाच्या चिठ्ठीवर अल्झायमर लिहिलं म्हणजे त्या दिवसापासून माणसाची प्रत्येक सही बाद, असं नाही. प्रश्न असा असतो, की ही एक गोष्ट या क्षणी त्याला कळते आहे का. आणि हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल, तर तो वेगळाच प्रश्न आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे की वृद्ध, आजारी खातेदाराचा अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदारांसमोर घेता येतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. पोस्टातही अंगठ्याची सोय आहे. थोरल्याला परत पाठवताना काउंटरवरच्या माणसानं हे सांगितलं नव्हतं, आणि यानंही विचारलं नव्हतं.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वहिनींचा हात चालत नाही, त्याला अंगठा आहे. वहिनींना कळतं का, त्याला डॉक्टर आहेत. त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून लिहून दिलं की गुंतागुंतीचे आर्थिक निर्णय त्या घेऊ शकत नाहीत, पण स्वतःचे पैसे आहे तिथेच ठेवायचे का, एवढी साधी गोष्ट समजावल्यावर त्यांना समजते आणि आपली इच्छा त्या सांगू शकतात. सकाळी जास्त चांगल्या असतात, हेही त्यांनी लिहिलं. हा एक कागद त्या फाइलमधल्या सगळ्या कागदांत मोलाचा ठरला.

ज्येष्ठ नागरिक योजनेच्या मुदतवाढीचा अर्ज मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत करता येतो, आणि वाढ मूळ मुदत संपल्याच्या तारखेपासून धरतात, त्या तारखेच्या दरानं. म्हणजे फेब्रुवारी २०२५ पर्यंत वेळ होता आणि बुडालेलं व्याजही भरून निघणार होतं. तिघांचेही चेहरे जरा सैल झाले. मग ताईनं विचारलं, "फेब्रुवारीपर्यंत आईला एवढंही कळेल ना?"

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी दहा वाजता आम्ही वहिनींना व्हीलचेअरवर पोस्टात नेलं. पोस्टमास्तरीणबाईंना मी आधी दोनदा भेटून आलो होतो. त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं, वहिनींच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पासबुक समोर धरलं. "आजी, हे पैसे कुणाचे?" वहिनी म्हणाल्या, "माझे. ह्यांनी साठवलेले." "काढायचे का?" "कशाला? राहू देत." "अजून तीन वर्षं ठेवू?" वहिनींनी थोरल्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, "ठेवा. त्याला सांगू नका, मागेल." पोस्टातली माणसं हसली, थोरलाही हसला, पण मान खाली घालून. अंगठा झाला. पंधरा मिनिटांचं काम.

खरं सांगतो, मी अस्वस्थ होतो. त्या बाईंनी तिघांना बाजूला केलं नसतं, आम्हीच वहिनींच्या कानात उत्तरं सांगितली असती, तरी अंगठा असाच उमटला असता. ज्या वाटेनं आम्ही त्यांचे पैसे त्यांच्यासाठी सोडवले, त्याच वाटेनं कुणी ते पळवूही शकतं. म्हणून मी त्या सकाळी हजर असलेल्यांची नावं, वेळ, विचारलेले प्रश्न आणि वहिनींची उत्तरं, सगळं कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. मुलांना ते जरा जास्तच वाटलं.

बँकेचं काम तुलनेनं सरळ झालं. शाखाधिकारी घरी आले. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला देऊन संयुक्त ठेवींतलं नाव कमी केलं. त्या दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल त्यानं चालवायच्या पद्धतीच्या होत्या, म्हणून वारसाचा दाखला वगैरे लागला नाही. मुदत संपेल तसतशी एकेक ठेव मासिक व्याजावर टाकली. साधारण ७ टक्क्यांनी वर्षाला ९८,०००. शिवाय उत्पन्न करपात्र नसल्याचं सांगणारा १५-एच फॉर्म दर वर्षी न दिल्यामुळे बँक टीडीएस कापत होती, सुमारे ९,८०० रुपये, आणि वहिनींचं एकूण उत्पन्न कर लागण्याइतकं नव्हतंच. विवरणपत्र कुणी भरलं नव्हतं. जे वर्ष अजून भरता येण्यासारखं होतं ते भरलं, आधीचं गेलं.

मुलांच्या कर-सवलतीचं एका वाक्यात आटोपतो. तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम ८०-डीडीबी खाली स्मृतिभ्रंश बसायचा आणि ज्येष्ठांसाठी मर्यादा एक लाखाची होती, पण थोरला आणि धाकटा दोघंही नव्या करप्रणालीत, तिथे ती सवलत नव्हती.

एवढं झाल्यावर नवा हिशोब मांडला. पेन्शन २०,६०९. पोस्टाचं व्याज महिन्याला १०,२५०. बँकेचं ८,१६७. एकूण ३९,०२६. खर्च ४८,०००. तूट नऊ हजारांची, तिघांत मिळून. ज्या आकड्यावरून तिघं जिन्यात भांडली, तो प्रत्येकाचा नव्हता, सगळ्यांचा मिळून होता.

तरी थोरला म्हणाला, "काका, ठेवींना हात नको लावायला. पुढे लागतील."

पुढे म्हणजे कधी? ज्या बाईच्या नावावर त्या आहेत ती ऐंशीला टेकलीय, अंथरुणाला आहे. 'पुढे' या शब्दाचा अर्थ त्या खोलीत सगळ्यांना कळत होता आणि कुणी उच्चारत नव्हतं. मी उच्चारला. म्हटलं, वारसा म्हणून ठेवायचे असतील तर तसं म्हणा, त्यात पाप नाही. पण मग तुम्ही दर महिन्याला खिशातून भरता ते आईसाठी नाही, स्वतःच्या वाट्यासाठी भरता, आणि मग ते भावाच्या अंगावर उपकार म्हणून मोजू नका. थोडा वेळ कुणी बोललं नाही. सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

माझं मत पक्कं आहे: आईचा पैसा आधी आईवर. त्यासाठी पाच वर्षांचा अंदाज मांडून दाखवला. खर्च दर वर्षी ७ टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर पाचव्या वर्षी ४८ हजारांचे जवळपास ६३ हजार होतात. बाईचा दर सगळ्यात वेगानं वाढतो, ठेवींचं व्याज मात्र जागचं हलत नाही. पेन्शन महागाई भत्त्यानं थोडीथोडी वर सरकते. ही सगळी तूट ठेवींतून भागवली, आणि त्यामुळे कमी होणारं व्याजही धरलं, तरी पाच वर्षांत साडेसात लाखांच्या आसपास जातात. चौदातले साडेसात. पोस्टाचे पंधरा तसेच, घर तसंच. मुलांनी एक रुपया दिला नाही तरी पाच वर्षं निघतात. हा कागद बघून धाकट्यानं पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

त्या अंदाजात एक वाढ धरली होती, जी घरात कुणाला ठाऊक नव्हती. केंद्र सरकारच्या पेन्शनरला आणि कुटुंब निवृत्तिवेतनधारकाला वयाची ८० पूर्ण झाली की मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला शंभर टक्के. वहिनींची ऐंशी ऑगस्ट २०२५ मध्ये भरणार होती. पण त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रावर, जन्मतारीखच नव्हती. नवऱ्याची होती, बायकोची जागा कोरी. तारीख नाही तर वाढ आपोआप लागणार कशी? आधार आणि शाळेचा जुना दाखला लावून ती नोंद करून घ्यायला सात महिने गेले. शाळेचा दाखला ताईनं माहेरच्या गावाहून, म्हणजे आईच्या माहेरच्या गावाहून, आणला. एसटीनं, एका दिवसात जाऊन येऊन.

इथे ताईवर येतो. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत ब्युरोच्या तीन बायका बदलल्या. एक गावी जत्रेला गेली ती आलीच नाही, एकीला पाठीचं दुखणं, एकीचं वहिनींशी जमेना. दर खेपेला बदली बाई येईपर्यंत ताई नाशिकहून येऊन राहिली. तिच्या वहीत तारखा होत्या, मी बेरीज केली: ७१ दिवस. तिथे ती घरी शिकवण्या घेते, महिन्याला पंधराएक हजार मिळतात. त्यातल्या दोन तुकड्या या धावपळीत मोडल्या. आणि तरी ती आपले नऊ हजार वेगळे देत होती.

मी खर्चाच्या बाजूला एक ओळ वाढवली. ७१ दिवस, दिवसाला ९०० प्रमाणे, ६३,९००. ताई म्हणाली, "काका, खोडा ते. आईचं करायचे पैसे घेते का मी?" मी म्हटलं, घेऊ नकोस, पण लिहू दे. थोरला म्हणाला, मग माझ्या रोजच्या संध्याकाळीही लिहा. लिहिल्या. मग त्याला आठवलं की संध्याकाळचा डबा रोज सूनबाई करून देतात, आणि डॉक्टरांकडे त्याच घेऊन जातात. तेही लिहिलं. त्या कागदावर शेवटी धाकट्याच्या नावासमोर फक्त रक्कम राहिली. त्यानं स्वतःहून म्हटलं, की ताई जितके दिवस येईल तितके तिचे पैसे आणि जाण्यायेण्याचं भाडं आईच्या खात्यातून जावं, आणि तूट पडली तर आधी त्यानं भरावी. ताईनं पैसे घ्यायला अजूनही नकार दिलाय. पण ती आता वेगळी वर्गणी देत नाही, आणि भाडं घेते. एवढं झालं.

मुलींच्या आणि सुनांच्या या दिवसांना कुणी दर लावत नाही, म्हणून आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची काळजी स्वस्त वाटते. जर्मनीनं १९९५ मध्ये आणि जपाननं २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा सामाजिक विमाच आणला. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता कापतात. जर्मनीत तर घरच्या माणसानं केलं तरी रोख भत्ता मिळतो. आपल्याकडे तसं काही नाही, तेव्हा निदान वहीत तरी ती ओळ असावी.

आणि ती ब्युरोची बाई? ९०० तले तिच्या हातात ७०० पडत होते. पंचावन्नची, लातूरकडची. तिला ना भविष्य निर्वाह निधी, ना पेन्शन. तिचं कोण करणार, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बघू की." नंतर विचारलं नाही.

घराचं काय, हा वाद राहिलाच होता. दोन खोल्यांचा फ्लॅट, वहिनींच्या एकटीच्या नावावर. थोरल्याचा प्रस्ताव होता की आईनं त्याच्या नावे बक्षीसपत्र करावं, मग तो शेवटपर्यंत बघेल. महाराष्ट्रात आईनं मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, त्यामुळे हा मोह फार घरांत होतो. मी त्याला सरळ सांगितलं की हे करू नकोस. पोस्टातली मुदतवाढ आणि घर देऊन टाकणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या गोष्टीइतकी समज वहिनींना आज आहे असं डॉक्टर लिहून देणार नाहीत, आणि उद्या भावंडांनी आव्हान दिलं तर कागद टिकणार नाही. समज असती तरी २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याचं कलम २३ आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकतं. त्याच कायद्यातला पोटगीचा भाग इथे कामाचा नव्हता. कमाल रक्कम महिना दहा हजार, आणि इथे कुणी टाळत नव्हतं, फक्त मोजत होतं.

धाकट्यानं रिव्हर्स मॉर्गेजचं काढलं. योजना २००७ पासून आहे. साठीपुढच्या माणसाला राहत्या घरावर बँक दरमहा पैसे देते, हयातीत परतफेड नाही, आणि आलेल्या पैशावर आयकर नाही. कल्पना चांगली, पण चक्रवाढ उलटी चालते. दरमहा २०,००० दहा वर्षं घेतले, व्याज साडेदहा टक्के धरलं, तर हातात येतात २४ लाख आणि देणं होतं ४२ लाखांचं. ज्याला दुसरं काही नाही त्याच्यासाठी ठीक. इथे २९ लाख होते. आणि मुळात, कर्जाच्या कागदांवर सही कोण करणार?

तिसरा पर्याय बोलायला सगळे कचरत होते: काळजी केंद्र. त्यांनी दोन बघितली. एकाचा दर महिना ३८,०००, अनामत एक लाख, डायपर-औषधं वेगळी. मी आकडा मांडला. केंद्राचा खर्च डायपर-औषधांसह ४४,३००, फ्लॅटचा मेंटेनन्स २,५००, आणि फ्लॅट भाड्यानं दिला तर येणारे सोळाएक हजार वजा. उरतात ३०,८००. घरी ४८,०००. घरापेक्षा केंद्र महिन्याला सतरा हजारांनी स्वस्त. हा आकडा कुणालाच आवडला नाही. थोरला म्हणाला, "लोक काय म्हणतील?" ताई म्हणाली, लोकांचं जाऊ दे, तिथे बघायला गेले तेव्हा दुपारी तीनला सगळे पेशंट झोपवलेले होते, मला ते आवडलं नाही. पहिलं कारण मी खोडलं, दुसरं ठेवलं. शिवाय भाडेकरार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत लागतो, त्यावर मालकाची सही. पुन्हा तेच.

ही सही मिळवायचा कायदेशीर मार्ग एकच उरतो, न्यायालयानं पालक नेमणं. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयातून मालमत्तेसाठी पालक नेमायची तरतूद होती. २०१७ चा नवा कायदा आला आणि ती गळाली. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी फक्त उपचारांपुरता. म्हणून लोकांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये कोमातल्या नवऱ्यासाठी बायकोला असं पालक नेमलं. स्मृतिभ्रंशाच्या प्रकरणांतही असे आदेश होतात, पण वकील, वैद्यकीय मंडळाची तपासणी, सगळ्या वारसांची संमती, असा तो रस्ता आहे. तिघांनी ठरवलं की घर विकायची किंवा भाड्यानं द्यायची वेळ आली तरच जायचं. संमतिपत्रं मात्र आत्ताच करून ठेवली, गोडी आहे तोवर.

मधे एक फसगत थोडक्यात टळली. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड सुरू झालं. सोसायटीत शिबिर लागलं, थोरला आईचं आधार घेऊन रांगेत. मी फोनवरून थांबवलं. सीजीएचएसवाल्यांना दोन्हींतलं एकच निवडता येतं, आणि वहिनींची रोजची औषधं सीजीएचएसमधून येतात. शिवाय आयुष्मानही भरती झाल्यावरच. अंघोळीला तेही नाही.

जन्मतारखेची नोंद जुलै २०२५ मध्ये लागली. ऑगस्टच्या पेन्शनमध्ये सुमारे ४,२०० जास्त आले, महागाई भत्त्यासकट. ताईनं पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवला. वहीत तिनं ती रक्कम हिरव्या शाईनं लिहिली होती. वहिनी आता पासबुक ओळखत नाहीत. पोस्टातली ती सकाळ पुढे ढकलली असती तर जमली नसती.

सप्टेंबरात थोरला पुन्हा आला, एकटाच. हातात तीच आकाशी फाइल, पण आतले कागद त्याचे स्वतःचे. वय सत्तावन्न, खाजगी कारखाना, भविष्य निर्वाह निधी, दोन पॉलिसी, एक घर, सगळं एकाच्या नावावर. नामनिर्देशनात काही ठिकाणी अजून आईचंच नाव होतं, लग्नाआधीचं.

"सूनबाई कुठंयत?" मी विचारलं.

"खाली रिक्षात बसलीय. म्हटलं, पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, रिक्षा सोडून दे, तिला वर बोलाव.